मुकी सुरी

माझा दीर पेन ड्राइव्ह उपटतो. काढत नाही, उपटतो. दिवा लुकलुकत असतो, म्हणजे आत लिहिणं चालू असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण हा बाबा येणार, "झालं ना, झालं ना" करत खस्सकन ओढणार, खाली जाऊन भरतकामाच्या मशीनला लावणार आणि फूल अर्ध्यावर अडकलं की वर येऊन मलाच विचारणार, "वहिनी, तुमच्या फायली अशा कशा खराब निघतात हो?" अठरा वर्षं मी सांगत आले, भाऊजी, आधी उतरवू द्या. अठरा वर्षं त्यांनी ऐकलं नाही. एका माणसाला एक गोष्ट किती वेळा सांगायची याची काही हद्द असते की नाही?

आमचा भरतकामाचा कारखाना. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, शाळांच्या गणवेशांवरची चिन्हं. खाली हॉलमध्ये सहा मशीनं, वर काचेची केबिन, तिच्या मागे आमच्या राहायच्या दोन खोल्या. डिझाइन काढायचे माझे यजमान. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले, आता तोंडात तेच बसलंय. मास्तर आधी कागदावर पेन्सिलीने वेल काढायचे, मग कॉम्प्युटरवर तिचे टाके पाडायचे: कुठला टाका आडवा, कुठला तिरका, धागा कुठे तोडायचा. याला आम्ही पंचिंग म्हणतो. तीस वर्षं केलं. भाऊजी गिऱ्हाइकं बघायचे. गिऱ्हाइकांसमोर "आमची डिझाइनं", आणि फाइल अडकली की "तुमची डिझाइनं".

कॉम्प्युटर जुना. त्यावर चित्रं दाबायची सोय मास्तरांनी ठेवलीच नव्हती. डिझाइन उघडलं तेवढा वेळ रंग, एरवी काळा पडदा, पांढरी अक्षरं, आज्ञा टाइप करायची आणि एंटर. त्याला कारण होतं. आमची मशीनं म्हातारी, दोन जीबीच्या वरची ड्राइव्ह ती ओळखत नाहीत, आणि बाजारात एवढी लहान आता मिळत नाही. मग मोठी आणायची, तिच्यात दोन जीबीचा एक कप्पा पाडायचा, जुन्या पद्धतीने फॉरमॅट करायची, फायली भरायच्या, उतरवायची, म्हणजे आता काढतोय असं आज्ञा देऊन कॉम्प्युटरला कळवायचं, मगच काढायची. हे सगळं मला मास्तरांनी शिकवलं. लग्नाआधी मी एका दवाखान्यात टोकन वाटायचे, आणि ते उपयोगी पडलं.

कारण त्या काळ्या पडद्यावर ड्राइव्हला नाव मिळतं ते टोकनासारखंच मिळतं. कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क ए. बाहेरून जी पहिली लावाल ती बी, दुसरी सी. नाव ड्राइव्हचं नसतं, नंबराचं असतं. आज जी बी आहे ती उद्या मागाहून लावली तर सी. म्हणून आधी यादी मागवायची, कोण बी, कोण सी ते आकारावरून ताडून बघायचं, आणि मगच हात चालवायचा.

एका आज्ञेच्या बाबतीत तर फारच. एका डिस्कवरचं सगळं, कणन्‌कण, दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी ती आज्ञा. दुसरीवर आधी काय होतं याची ती चौकशी करत नाही. "नक्की ना?" असं विचारत नाही. मास्तर तिला मुकी सुरी म्हणायचे. कुठून आणि कुठे या दोन अक्षरांची अदलाबदल झाली की भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क उतरते, आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचा.

म्हणून आमच्या घरात एक रीत होती. मुकी सुरी चालवायची असेल तर एकट्याने एंटर दाबायचं नाही. ज्याने ओळ लिहिली त्याने ती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने यादी बघायची आणि म्हणायचं, "दाब." मग दाबायचं. आम्हा दोघांचा अबोला असला तरी हे चुकायचं नाही. एकदा त्यांच्या आत्येबहिणीवरून चार दिवस आम्ही बोलत नव्हतो, त्या चार दिवसांत एकमेकांशी बोललेला एकच शब्द, दाब. तोही फणकाऱ्याने.

सव्वा वर्षापूर्वी मास्तरांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. राहिले चार शब्द: "नाही", "चहा", "दाब" आणि एक शिवी, ती मी लिहीत नाही. डोकं मात्र शाबूत. डॉक्टरांनीही सांगितलं, मी तर रोज बघत होते. जेवण झालं की दुपारी दोन ते चार मी त्यांना चाकांच्या खुर्चीवरून केबिनमध्ये न्यायची, त्यांची डिस्क लावायची आणि एकेक डिझाइन पडद्यावर उघडायची. ऐंशी जीबीची जुनी डिस्क, कोपऱ्यावर चिकटपट्टी लावलेली. तीस वर्षं त्या एका डिस्कमध्ये. मास्तर बघत बसायचे. मध्येच डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवायचे, एखाद्या पानाशी, आणि "नाही" म्हणायचे. मी तो टाका बदलायची. बरोबर झालं की मान हलवायचे. दिवसाच्या चोवीस तासांतले ते दोन तास माझा नवरा माझा नवरा असायचा. बाकीचे बावीस त्याला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची.

आणि भाऊजींना ती डिस्क हवी होती.

दवाखान्यातच त्यांनी कागदावर मास्तरांचा डावा अंगठा उठवून घेतला होता, मी औषधं आणायला खाली गेले होते तेवढ्यात. तेव्हापासून कारखाना भाऊजींच्या नावावर, आम्ही राहतो त्या खोल्याही त्यांच्या नावावर. वर आल्यावर मी मास्तरांच्या अंगठ्याला शाई बघितली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण काय करते? नवरा नळ्यांमध्ये आणि मी एकटी.

"डिझाइनं कारखान्याची आहेत, वहिनी," भाऊजी म्हणाले. "डिस्क द्या."

"घ्या की. कॉपी करून घ्या. एक कॉपी मला राहू द्या."

"तुम्हाला कशाला?"

"त्यांना बघायला."

जाऊबाई हसल्या. माझी जाऊ हसते तेव्हा तोंड उघडत नाही, नाकातून हसते. "बघायला!" म्हणाल्या. "उद्या समोरच्या कारखान्याला द्यायला, असं म्हणा की सरळ."

मी म्हटलं, लिहून देते, विकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. भाऊजी म्हणाले, तुमच्या लिहून देण्यावर कोण विश्वास ठेवतो? अंगठा चोरणारा माणूस मला विश्वासाच्या गोष्टी सांगत होता.

तीन महिने मी डिस्क दिली नाही. तीन महिने त्यांनी मला छळलं. कारखान्यातल्या अकरा पेन ड्राइव्ह गोळा केल्या आणि माझ्याच हातून, समोर उभं राहून, एकेक पुसून घेतली. सगळं त्या डिस्कमध्ये आहेच म्हणाले, लागेल ती फाइल तेवढी भरून द्यायची आणि काम झालं की पुसायची. जावईबापूंना, म्हणजे भाऊजींच्या मुलीच्या नवऱ्याला, बोलावून केबिनमधला कॉम्प्युटर आतून साफ केला, नव्याने बसवला. बारावी एक पेन ड्राइव्ह मी लपवली होती. धाग्याचा कोन असतो ना, आतून पोकळ, त्यात खोचून ठेवली होती, जांभळ्या रंगाच्या, कारण जांभळा आमच्याकडे फारसा लागत नाही. जाऊबाईंनी चारशे कोन एकेक करून हलवून बघितले! चारशे! त्या बाईने आयुष्यात एवढं काम कधी केलं नव्हतं. खडखडलं, सापडली, भाऊजींनी ती माझ्या डोळ्यांदेखत दाराच्या फटीत धरून चिरडली.

मग ते मुद्द्यावर आले. "डिस्क द्या, नाहीतर महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा."

नवऱ्याला चाकांच्या खुर्चीवर बसवून मी कुठे जाणार होते? मी हो म्हटलं. फक्त एक अट घातली: काम झाल्या झाल्या लेखी द्यायचं की काम पूर्ण झालं, आणि खोल्यांचा विषय आम्ही दोघं जिवंत असेपर्यंत पुन्हा निघणार नाही. भाऊजी म्हणाले, "देतो ना. पण काम मी सांगीन तसं. जावईबापू कागद लिहून देतायत, त्याप्रमाणे टाइप करायचं. एक अक्षर बदललं तर घराचं विसरा."

तो कागद मी बघितला. जावईबापूंचं अक्षर सुवाच्य, माणूसही तसा सरळ. तीन ओळी होत्या. पहिली, यादी मागवा. दुसरी, मुकी सुरी: कुठून, बी; कुठे, सी. तिसरी, बी पुसून टाका. म्हणजे जुनी डिस्क आधी लावायची, ती बी. नवी मागाहून, ती सी. जुनीवरचं सगळं नवीवर जाणार आणि जुनी कोरी होणार. चोख होतं. फक्त आधी कुठली लावायची ते त्यांनी लिहिलं नव्हतं. रोज हे काम करणाऱ्याला ते लिहावंसं वाटत नाही, मलाही वाटलं नसतं.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला मी मास्तरांना केबिनमध्ये आणलं. त्यांना नव्हतं आणायचं मला, पण पहाटेपासून ते "नाही, नाही" करत होते, खुर्चीच्या दांड्याला धरून बसले होते. माझ्या मांडीवर चिकटपट्टीवाली डिस्क होती. भाऊजी टेबलाला टेकून उभे, हातात नवी डिस्क, खोक्यातून नुकती काढलेली, हजार जीबीची. जाऊबाई दाराशी, मी पळून जाईन की काय म्हणून.

मी डिस्क लावायला हात पुढे केला. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"थांबा. माझी आधी."

"भाऊजी, आधी जुनी लावायची असते."

"का? तुमची आधी का?"

"कारण जी आधी..."

"बघितलंस?" ते जाऊबाईंकडे वळले. "मी म्हटलं नव्हतं, काहीतरी चाल खेळणार?" आणि मला म्हणाले, "कागदावर लिहिलंय का असं? दाखवा. कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. जावईबापूंना एक फोन लावा. एक मिनिटाचं काम आहे."

"ते कामात आहेत. आणि तुम्ही मला शिकवायचं नाही, वहिनी. अठरा वर्षं शिकवलंत. उतरवू द्या, थांबा, उतरवू द्या, थांबा! कान किटले माझे. आता तोंड बंद ठेवायचं आणि कागदावर आहे तेवढं टाइप करायचं."

त्यांनी आपली नवी डिस्क खुपसली. मग माझ्या मांडीवरची जुनी उचलून तीही खुपसली. सगळं स्वतःच्या हाताने. मी कीबोर्ड पुढे ओढला.

पहिली ओळ टाइप केली. यादी आली. ए, कॉम्प्युटरची. बी, हजार. सी, ऐंशी.

उलटं. कोरी डिस्क बी झाली होती आणि मास्तरांची तीस वर्षं सी. कागदावरची दुसरी ओळ आता म्हणत होती, कोरी डिस्क उचल आणि मास्तरांच्या डिस्कवर उतरव.

भाऊजी वाकले, कागद पडद्याशेजारी धरला. "बी आहे, सी आहे. जुळतंय. पुढे."

मी दुसरी ओळ टाइप केली. कागदावर होती तशीच. आणि मी ओळ मोठ्याने वाचली, कारण माझ्या जिभेला ती सवयच लागली होती. "कुठून, बी. कुठे, सी."

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "वाचून कुणाला दाखवताय?"

माझी नजर मास्तरांकडे गेली होती.

"त्याला?" भाऊजी म्हणाले. "त्याला काय कळतंय आता? वहिनी, जरा समजून घ्या. दादा आता गेल्यातच जमा."

हे मास्तरांसमोर, ते दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना. सख्खा भाऊ. मास्तरांनी त्याला बापाच्या मागे वाढवलं, सायकल शिकवली, त्याच्या पहिल्या सुटाच्या खिशावर स्वतःच्या हाताने त्याची अक्षरं भरली होती.

खोटं कशाला सांगू, मी तेव्हा तोंड उघडलं होतं. घर जाऊ दे, पण ही चूक व्हायला नको, असं मी म्हणणार होते. बदल मीच करून दिला असता. डिझाइनं भाऊजींना मिळाली असती, आम्हाला काही उरलं नसतं, पण जगात कुठेतरी ती राहिली असती. एवढं माझ्या जिभेवर होतं.

मास्तरांनी डावा हात उचलला. बोट काचेवर ठेवलं, रोज ठेवायचे तसं, यादीवर. सी च्या पुढे, ऐंशीवर. दोनदा ठोकलं. मग बोट सरकवून खालच्या ओळीतल्या सी वर आणलं, अगदी मला दिसेल असं, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या आधी कळलं असेल.

"दाब," ते म्हणाले.

"अहो," मी म्हटलं. "अहो, नीट बघा. बी. आणि सी."

त्यांनी भाऊजींकडे बघितलं, पुरतं, वरपासून खालपर्यंत. मग ती शिवी दिली. मग पुन्हा माझ्याकडे वळून शांतपणे, "दाब."

जाऊबाई नाकातून हसल्या. "कशाला पण दाब म्हणतात हो हे."

मी दाबलं.

पाऊण तास लागला. पाऊण तास आम्ही चौघं त्या काचेच्या केबिनमध्ये बसलो होतो आणि चिकटपट्टीवाली डिस्क हळू गुणगुणत होती. खाली मशीनं चालू होती. भाऊजींनी मध्ये खालून कॉफी मागवली, त्यांची आणि जाऊबाईंची. मास्तर काळ्या पडद्याकडे बघत होते, दुपारी बघायचे तसे. मला एकेक डिझाइन आठवत होतं. लहान मुलींच्या झग्यांवरची बदकं, तिरक्या टाक्यांची द्राक्षं, तो मोर ज्याच्या पिसाऱ्यासाठी आम्ही दोघं आठवडाभर भांडलो होतो. आता बदकं गेली असतील, आता द्राक्षं. मला रडू आवरेना. पदराचा बोळा तोंडात धरला तरी आवरेना.

"आता रडून काय उपयोग?" जाऊबाई म्हणाल्या. "वेळेवर दिली असती तर एवढं झालं नसतं."

शेवटी पडद्यावर ओळ आली. सी वर जागा संपली.

"काय म्हणतोय?" भाऊजी कप ठेवून उठले.

"जागा संपली म्हणतोय."

"म्हणजे भरली?"

"हो."

"भरली ना! झालं तर. आता तिसरी ओळ."

तिसरी ओळ मी टाइप केली, बी पुसून टाका. बी म्हणजे त्यांची नवीकोरी डिस्क. कोरी होती, ती पुसली. क्षणात झालं. हीसुद्धा मी मोठ्याने वाचली होती, आणि हिलाही मास्तर "दाब" म्हणाले होते.

मग मी कागद पुढे केला. जावईबापूंच्या तीन ओळींच्या खाली भाऊजींनी लिहिलं: वहिनींनी वरीलप्रमाणे, एकही अक्षर न बदलता, माझ्या समोर काम पूर्ण केले; दादा-वहिनी हयात असेपर्यंत खोल्यांचा विषय संपला. सही केली, तारीख घातली. लिहिताना मान वर करून मला म्हणाले, "एकही अक्षर न बदलता, हे मी मुद्दाम लिहितोय. उद्या काही गडबड निघाली तर तुम्ही म्हणायला नको की कागद वेगळा होता."

"लिहा," मी म्हटलं. "तेच लिहा."

त्यांनी नवी डिस्क खस्सकन उपटली. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी "उतरवू द्या" म्हटलं नाही. जुनीही उपटली आणि माझ्या मांडीत टाकली. "घ्या. आठवण म्हणून ठेवा."

तिसऱ्या दिवशी ते जिना चढून आले ते बोंबलतच. मागे जाऊबाई, मागे जावईबापू, हातात नवी डिस्क. काय काय म्हणाले मला! चोर म्हणाले, डाकीण म्हणाले, घर फोडलंत म्हणाले. मी फडताळातून कागद काढला आणि जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, सही बघितली, मग हळूच विचारलं, "आधी कुठली लावली होती?"

जाऊबाईंनी भाऊजींकडे बघितलं.

"मी लावली होती," भाऊजी म्हणाले. "माझी. आधी."

"यांनी काही सांगितलं नव्हतं?"

भाऊजींनी मान फिरवली. जावईबापूंनी कागद घडी करून मला परत दिला. माझी जुनी डिस्कही ते घेऊन गेले, शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे. आठवड्याने परत आणून दिली. म्हणाले, काकू, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत शून्य आहे. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्याच कागदाने घात केला. मी त्याला चहा दिला.

पण भाऊजींना पटेना. "हिच्याकडे कॉपी आहे. असणारच. ही बाई कॉपी ठेवल्याशिवाय राहणारच नाही." जाऊबाई आमच्या दोन खोल्यांत येऊन डबे उचकटून गेल्या, मास्तरांच्या उशीची शिवण उसवून बघितली. बघा म्हटलं, हवं ते बघा. तुम्हीच अकरा पुसल्यात, बारावी दारात चिरडलीत, कॉम्प्युटर खरवडलात. तेरावी आणू कुठून? हे सगळं सांगताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुपारचे दोन वाजले की मी अजून उठते, खुर्चीच्या दांड्याला हात लावते, आणि मग आठवतं. त्या दोन तासांत आता मी नवऱ्याला काहीच दाखवू शकत नाही. मला त्यांचा राग येतो. एकदा मी त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा, तुमचं ठीक आहे हो, तुम्ही दाब म्हणून मोकळे झालात, बोट माझं होतं. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि काढला नाही.

परवा भाऊजी पुन्हा आले. एकटे. आवाज न करता. काखेत धुऊन धुऊन विरलेल्या जुन्या पडद्यांचं गाठोडं होतं. जुनी गिऱ्हाइकं तीच वेल मागतायत, दुसरी नको म्हणतायत. त्यांनी पंचिंगवाले दोघं आणून बघितले, दोघांनीही हात टेकले. वरून वेल दिसते, खाली टाका कुठून कुठे गेलाय ते कापडावरून कळत नाही.

ते मास्तरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. खरंच, गुडघे मोडून. पडदा मास्तरांच्या मांडीवर पसरला.

"दादा," म्हणाले, "ही वेल. सुरुवात कुठून होती रे? देठापासून की पानापासून? नुसतं बोट ठेव. मी माणूस आणतो लिहून घ्यायला. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, दादा."

मी ओट्याशी उभी होते. माझ्याने राहवलं नाही.

"भाऊजी, कॉपी शोधत होता ना? तीन महिने? सापडली तुम्हाला. एकच उरलीय. पुढ्यात बसलीय बघा, गेल्यातच जमा आहे."

ते खालीच बघत राहिले.

मास्तरांनी डावं बोट पडद्यावर ठेवलं. देठावरून वर नेलं, पहिल्या पानाला वळसा घातला, दुसऱ्याला घातला, सावकाश, एकही टाका न चुकवता, टोकाच्या कळीपर्यंत. सगळी वेल त्यांना पाठ होती. "हां दादा," भाऊजी म्हणाले, "हां, अजून एकदा, अजून एकदा कर, मी बघतो."

मास्तरांनी बोट उचललं. पडदा एका हाताने गोळा केला, जमिनीवर सोडला, आणि माझ्याकडे मान वळवली.

"चहा," ते म्हणाले.

मी गॅस लावला आणि दोन कपांचं आधण ठेवलं.